भिवंडी तेव्हा शांत कशी राहिली?

मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडीत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली. १९८४ च्या मे महिन्यात शहर पुन्हा पेटलं. डिसेंबर १९९२ मध्ये मात्र मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस त्यात नेमाने एकत्र बसत.

या कमिट्यांकडे वर्तन-विश्लेषणाच्या नजरेने बघता येतं. ही परिभाषा मी लावतोय, खोपडे यांची नव्हे. माणूस मुळात गुंड आहे का, हा प्रश्न हे शास्त्र बाजूला ठेवतं. कृतीच्या आधी काय घडलं, नेमकी कृती कोणती आणि त्यातून हाती काय लागलं, एवढंच ते विचारतं.

समजा, रात्री यंत्रमागाची पाळी सुटलीय आणि टपरीवर कुणी सांगतं, ‘पलीकडच्या गल्लीत आपल्या पोराला मारलं.’ पोरं दगड उचलतात. शाबासकी जागच्या जागी मिळते, आणि पकडलं जायची भीती कसली, गर्दीत कोण कुणाला ओळखतं? शिक्षा झालीच तर काही वर्षांनी, कोर्टात. इतक्या लांबच्या शिक्षेची भीती त्या क्षणी कुणाला वाटत नाही, म्हणून नुसती कलमं कडक करून फारसं भागत नाही.

आता पलीकडच्या गल्लीत कमिटीतला ओळखीचा माणूस आहे. त्याला गाठलं तर तो सांगतो, ‘अहो, पोरगं सायकलवरून पडलंय.’ खरी बातमी मिळते, विचारणाऱ्याचा मोहल्ल्यात मानही वाढतो. म्हणजे दगडाला पर्याय मिळाला आणि त्याचं फळही तितकंच लवकर. पण ही ओळख दंगलीच्या रात्री होत नसते. एरवीच्या बैठकांत किरकोळ भांडणं मिटवताना ती होते. पोलीस दिसला की पळायचं किंवा दगड मारायचा, ही सवयही तिथेच सुटू लागते; तो दिसला की बोलायचं, हे अंगवळणी पडतं.

सगळं श्रेय कमिट्यांनाच द्यावं का? कमिट्या नसलेली दुसरी भिवंडी तुलनेला नव्हती, आणि यंत्रमागाच्या धंद्यात दोन्ही समाज एकमेकांत गुंतलेले होतेच. तरी १९९४ पासून मुंबईतही माजी पोलीस अधिकारी जुलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी असाच प्रयोग सुरू केला.

जुलै २००६ मध्ये मात्र भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव पोलिसांवरच उलटला. दोन पोलीस मारले गेले, गोळीबारातही माणसं गेली. या वेळी वादातला एक पक्ष खुद्द पोलीसच होते, आणि कमिटीची बैठक बोलवायची ती त्यांनीच.