गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे काचटाकीतील संगोपन : वणी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिंपला हा पूर्वापार परिचित प्राणी होय. मृदुकाय संघाचा प्रतिनिधी म्हणून लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या प्रजातीचे विच्छेदन विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या व २०१४ मध्ये ते थांबविण्याची भूमिका घेतली. त्यामुळे मेणाच्या तबकाऐवजी काचटाकीतील जिवंत शिंपल्याचे निरीक्षण हा मार्ग पुढे आला. हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि, विच्छेदनात प्राण्याचा मृत्यू निदान सर्वांसमोर होत असे. अयोग्य टाकीतील शिंपला मात्र कित्येक आठवडे उपाशी राहून मरतो, आणि तो मरत असल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

महाशिंपला आणि नदीतील शिंपला

शिंपल्यांच्या संगोपनाविषयी जी माहिती सहज हाती लागते ती बहुतांशी समुद्रातील प्रवाळ-टाक्यांमधील ट्रायडॅक्ना या महाशिंपल्याविषयी असते. त्याच्या रंगीत प्रावारात सूक्ष्म सहजीवी शैवले राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करून यजमानाला शर्करा पुरवितात. म्हणून तेथे प्रखर प्रकाश हेच मुख्य अन्न ठरते. शिवाय भारतात ट्रायडॅक्ना मॅक्झिमा व ट्रायडॅक्ना स्क्वॅमोसा या प्रजातींना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले, ही बाबही हौशी संग्राहकांनी ध्यानात ठेवावयास हवी.

नदीतील शिंपल्याच्या प्रावारात अशी शैवले नसतात. त्याच्या टाकीवर प्रखर दिवा लावल्यास काचेवर शेवाळ तेवढे वाढते; शिंपला उपाशीच राहतो. तो गाळून खाणारा प्राणी आहे. अंतर्वाही मार्गाने आत घेतलेले पाणी कल्ल्यांवरील पक्ष्माभिकांच्या साहाय्याने पुढे सरकते, त्यातील वनस्पतिप्लवक, जिवाणू व सेंद्रिय कण श्लेष्मात अडकून मुखाकडे जातात आणि उरलेले पाणी बहिर्वाही मार्गाने बाहेर पडते. येथेच एक विरोधाभास निर्माण होतो. 'शिंपला पाणी स्वच्छ करतो' या समजुतीने त्याला शोभेच्या माशांच्या नितळ टाकीत ठेवले जाते, आणि नितळ पाणी म्हणजे त्याच्या दृष्टीने रिकामे ताट होय. शरीरातील ग्लायकोजेनच्या साठ्यावर तो दीर्घकाळ तग धरतो; 'दोन महिने जगला, म्हणजे त्याला टाकी मानवली' हा निष्कर्ष म्हणूनच फसवा ठरतो.

अन्नपुरवठा

यावर सोपा उपाय म्हणजे हिरवे पाणी. तळ्यातील थोडे पाणी व माशांच्या टाकीतून बदललेले पाणी एका उघड्या पांढऱ्या बादलीत उन्हात ठेवल्यास काही दिवसांत त्यात क्लोरेला, सेनेडेस्मस यांसारखी एकपेशीय शैवले वाढतात. वणीसारख्या गावी ऊन दुर्मिळ नाही! हे पाणी रोज थोडे थोडे टाकीत मिसळावे. त्या वेळी गाळणयंत्र काही काळ बंद ठेवावे, अन्यथा शिंपल्याचा घास यंत्रच खाते. पीठ, दुधाची भुकटी किंवा यीस्ट घालण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे पाणी नासते.

हीच कृती उत्तम प्रात्यक्षिकही आहे. सारख्या आकाराच्या दोन बरण्यांत सारखेच हिरवे पाणी घ्यावे व एकीतच शिंपला ठेवावा. काही तासांनी दोन्हींच्या रंगातील फरक पाहिला की गाळून खाण्याची क्रिया वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पाणी, वाळू व तापमान

शिंप प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटची बनते. वणी तालुक्यातील राजूर परिसर चुनखडीसाठी परिचित आहे. अशा भूभागातील विहिरींचे पाणी सामान्यतः जड असते, म्हणून येथे कॅल्शियमची उणीव हा सहसा चिंतेचा विषय नसावा. पाणी आम्लधर्मी झाल्यास मात्र शिंपेच्या ककुदाजवळचा भाग झिजू लागतो. कोळशातील गंधकयुक्त खनिजांचा हवा व पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होऊ शकते. त्यामुळे खाणींच्या निकट असलेल्या नाल्यातील पाणी सामू तपासल्याविना टाकीत घेऊ नये. नळाचे पाणी क्लोरीन निघून जाण्यासाठी दिवसभर उघडे ठेवून मगच वापरावे.

तळाशी किमान दहा सेंटिमीटर बारीक वाळू असावी. शिंपला पायाच्या साहाय्याने त्यात रुततो. उघड्या काचेवर आडवा पडलेला शिंपला स्वाभाविक स्थितीत नसतो. नवी टाकी लगेच वापरू नये. अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू तीत स्थिरावण्यास काही आठवडे लागतात.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण सुमारे ७.५ वर येते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातील बंद प्रयोगशाळेत पाणी याहून अधिक तापते, आणि नेमकी तेव्हाच सुटी असते. टाकी खिडकीपासून दूर ठेवणे, हवेचा पंप सुरू ठेवणे आणि सुटीतील देखभालीची जबाबदारी नावानिशी सोपविणे आवश्यक आहे. हे शक्य नसल्यास सत्र संपण्यापूर्वी शिंपले, ज्या ठिकाणाहून आणले तेथेच, परत सोडावेत. त्यासाठी संकलनस्थळाची नोंद हवी, तसेच अन्य ठिकाणचे मासे वा शिंपले त्यांच्यासोबत ठेवलेले नसावेत.

आरोग्याची लक्षणे

निरोगी शिंपला स्पर्श होताच पुटे घट्ट मिटतो. पुटे सावकाश मिटणे, प्रावार शिंपेच्या कडेपासून आत ओढला जाणे व वाळूत न रुतणे ही अशक्ततेची चिन्हे होत. पुटे उघडी राहून स्पर्शाला प्रतिसाद नसल्यास शिंपला तात्काळ बाहेर काढावा. एका मृत शिंपल्याच्या कुजण्याने वाढलेला अमोनिया संपूर्ण टाकीचा नाश करू शकतो. माशांच्या बुरशीवर वा परजीवींवर दिली जाणारी ताम्रयुक्त औषधे या टाकीत कदापि वापरू नयेत, कारण तांबे मृदुकाय प्राण्यांना विषारी असते.

टाकीत पिले होतील ही अपेक्षा मात्र बहुधा फोल ठरते. या शिंपल्याचा ग्लोकिडियम नावाचा डिंभ काही काळ माशांच्या कल्ल्यांवर किंवा परांवर परजीवी म्हणून राहतो. योग्य मासा न मिळाल्यास त्याची पुढील वाढ होत नाही. नदीतील मासे घटले की शिंपल्यांची नवी पिढी थांबते, जुने शिंपले मात्र पुढे काही वर्षे दिसत राहतात. म्हणून निर्गुडा वा वर्धा नदीच्या पात्रात संकलनास गेलेल्या विद्यार्थ्यांनी मोठ्या शिंपल्यांबरोबर लहान शिंपले आढळतात काय, याचीही नोंद करावी.