समुद्र नसलेल्या जिल्ह्यातल्या जलयात्रा

दिवाळीची सुटी लागली, की आमच्या घरात समुद्राला भरती येते. मुंबईच्या आत्याकडून हरिहरेश्वरचे फोटो येतात आणि मग आमचे चिरंजीव गंभीर चेहऱ्याने विचारतात, "बाबा, आपल्या भंडारा जिल्ह्याला समुद्र का नाही?"

मराठीच्या प्राध्यापकाने भूगोलाच्या भानगडीत पडू नये हे मला कळते. पण गेल्या वर्षी कोकणच्या सहलीचा हिशेब मांडला, तेव्हा आगगाडीच्या आरक्षणापासून खोलीच्या भाड्यापर्यंत सारेच अंगावर आले. शिवाय निम्मी सुटी जाण्यायेण्यातच जायची. तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, पाणीच बघायचं ना? मग आपल्याकडे काय कमी आहे?"

तिचे खरे होते. तलावांचा जिल्हा म्हणून ज्याची ख्याती, त्या जिल्ह्यात राहून आम्ही पाण्यासाठी मुंबईकडे बघत होतो! लगेच तीन सहली ठरल्या. नियम एकच : एका दिवशी एकच दिशा, उजाडायच्या आत निघायचे आणि दिवेलागणीला घरी. शिदोरीला पुऱ्या, आलूची भाजी आणि जवसाची चटणी.

पहिला दिवस साकोलीच्या बाजूचा. इकडच्या जुन्या तलावांना 'मामा तलाव' म्हणतात. हे ऐकताच धाकटी म्हणाली, "म्हणजे मामाच्या गावचा तलाव?" मुळात 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची ही आद्याक्षरे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेने जोखून हे तलाव बांधले. पूर्व विदर्भात ते आजही सहा हजारांवर आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी' हे विशेषण त्यांना कायमचे चिकटले.

मुलांना तलाव नुसता दाखवू नये, समजावून द्यावा. मातीची ती पाळ, शेताला पाणी सोडायचे ते तुडूम आणि जास्तीचे पाणी वाहून जायचे ते सलंग. एवढे कळले, की पाळीखालचे धानाचे शेत हिरवे का, हे मुले आपणच सांगू लागतात. दिवाळीच्या सुमारास ढिवर बांधव तलावातून शिंगाडे काढत असतात. ते तिथेच विकत घ्यावेत. थंडी वाढली, की हिमालयापलीकडून पट्टकादंब आणि बदके उतरतात. ती पाहायची तर आठाच्या आत पोचावे. नंतर गेलात तर नुसते पाणी दिसेल.

दुसरा दिवस उत्तरेचा, तुमसर तालुक्याचा. चांदपूरला टेकडीवर हनुमंताचे देऊळ आणि खाली पसरलेला जलाशय. वर चढून मागे वळलो, तेव्हा समुद्राचे नाव कुणाच्या तोंडी आले नाही. परतताना आंबागड. १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंदशहाच्या अमदानीत राजाखान पठाणाने हा किल्ला उभारला. पुढे भोसल्यांच्या काळात इथे कैदी ठेवीत आणि त्यांना आतल्या विहिरीचे कुजके पाणी प्यावे लागे, असे जुने गॅझेटिअर सांगते. हे ऐकल्यावर चिरंजीवांनी आपली पाण्याची बाटली घट्ट धरली. वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर दोन्ही चढांचा हट्ट धरू नये.

तिसरा दिवस भाऊबीजेचा, आणि दिशा पवनीची. आईही निघाली. वैनगंगेच्या काठचे हे गाव देवळांचे आणि घाटांचे. इथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. घाटावर तासभर बसून आम्ही गोसीखुर्दला गेलो. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेले हे धरण. तेहतीस दरवाजे, आणि मागे नजर पोचेल तिथवर पाणी. "समुद्र!" मुले ओरडली.

आई मात्र गप्प होती. तिचे माहेर याच पाण्याखाली आहे. वेळापत्रक आखताना मी सारे किलोमीटर मोजले होते. हे कसे मोजायचे राहिले, कोण जाणे.

जरा वेळाने तिने नातीला जवळ घेतले. "ते झाडाचं खोड दिसतं ना पाण्यात? त्याच्या अलीकडं आमची विहीर होती. अन् उन्हाळ्यात रेतीवर डांगरवाड्या." मग पदराआडून कणकेचा दिवा निघाला. वाऱ्याने तो दोनदा विझला. तिसऱ्यांदा चिरंजीवांनी दोन्ही हातांचा आडोसा धरला.

"आजी, मग मामाआजोबा आता कुठे राहतात?"

ते पुनर्वसनाच्या गावात राहतात. आमच्या यादीत ते गाव नव्हते. आम्ही यादी खिशात घातली आणि तिकडे वळलो. अचानक दारात उभ्या राहिलेल्या बहिणीला पाहून मामांना शब्द सुचेना. ओवाळणी झाली, नव्या विहिरीचे पाणी प्यायलो आणि निघायला रात्र झाली. दिवेलागणीला घरी पोचायचा नियम त्या दिवशी मोडला.

म्हणून वाचकहो, सहल जरूर आखा. धरणाच्या भिंतीवर कुठवर जाऊ देतात ते आधी विचारून घ्या, लहानांना पाण्यात उतरू देऊ नका. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. वाटेतल्या गावात ती कधी आहे, तेही पाहा, म्हणजे दंडार पाहायला मिळेल. पण दिवसातला एक तास रिकामा ठेवा. बरोबरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा, "तुम्हाला कुठं जायचंय?"

परतताना धाकटीने विचारले, "हे पाणी पुढे कुठे जातं?" वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला, असे मी सांगितले. मुलांनी कोकणचा हट्ट सोडला, असे म्हणणार नाही. पण येत्या भाऊबीजेचा बेत त्यांनी आत्ताच ठरवला आहे. आधी मामाआजोबांचे गाव, मग समुद्र.