बाळाच्या रिपोर्टवरचे ठळक आकडे
लेखांक ४ : रक्तातली खनिजं

आठ महिन्यांच्या एखाद्या गुटगुटीत बाळाचा रक्ताचा रिपोर्ट येतो. फॉस्फरससमोर ६.१ हा आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी मर्यादा २.५ ते ४.५. आईबाबांच्या पोटात गोळा येतो, आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत मोबाइलवर नको नको ते वाचून होतं. वास्तविक बाळ ठणठणीत असतं. छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची असते.

तान्ह्या बाळाच्या रक्तात दर डेसिलिटरमागे साडेचार ते साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असणं अगदी स्वाभाविक आहे. हाडं भराभर वाढत असतात. त्यांना पुरवठा व्हावा म्हणून मूत्रपिंडं फॉस्फरस लघवीवाटे वाया जाऊ देत नाहीत, परत रक्तात ओढून घेतात. हाडांच्या पेशींतून येणारं अल्कलाइन फॉस्फेटेजही याच कारणाने मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं. खरी मेख उलट बाजूला आहे. याच बाळाचा फॉस्फरस ३ आला, तर तो मोठ्यांच्या मर्यादेत बसतो म्हणून साध्या अक्षरांत छापला जाईल आणि कुणाचं लक्षही जाणार नाही. या वयात मात्र ३ हा आकडा मुडदुसाची शंका घ्यायला लावतो.

कॅल्शियमची गोष्ट जन्माच्या क्षणापासून सुरू होते. गर्भात असताना वार आईच्या रक्तातलं कॅल्शियम बाळाकडे जोराने ढकलत असते, इतकं की बाळाच्या रक्तातली पातळी आईपेक्षाही वरचढ असते. नाळ कापली की हा पुरवठा तत्क्षणी थांबतो. पहिल्या २४ ते ४८ तासांत पातळी उतरते, पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागतात आणि काही दिवसांत गाडी रुळावर येते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात हा उतार ८ मिलिग्रॅमच्या खाली सहसा जात नाही.

इथेच वरच्या दुधाचा धोका कळतो. गाईच्या दुधात फॉस्फरस आईच्या दुधाच्या जवळपास सहापट असतो. नवजात बाळाची कोवळी मूत्रपिंडं एवढा फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाहीत. तो रक्तात साचतो आणि कॅल्शियम खाली खेचतो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अशा बाळाचे हातपाय थरथरू लागतात, कधी झटकेही येतात. घरातल्या मोठ्यांनी मायेनेच पाजलेलं दूध असतं ते, म्हणून हे प्रसूतीआधीच समजावून सांगायला हवं.

तांब्याचा हिशेब आणखी वेगळा. रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन वाहून नेतं. ते यकृतात तयार होतं आणि जन्मतः फारच कमी असतं. त्यामुळे नवजात बाळाच्या रक्तातलं तांबं मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतं. यकृतातला साठा मात्र भरपूर असतो. काही महिन्यांत रक्तातली पातळी वाढते आणि दुडुदुडु चालणाऱ्या मुलात ती मोठ्यांनाही मागे टाकू शकते. १९६२ साली जॉन मेन्केस यांनी वर्णन केलेल्या आनुवंशिक विकारात शरीराला तांबं मिळत नाही. पण पहिल्या काही आठवड्यांत निरोगी बाळाचं तांबंही कमीच असल्याने केवळ या तपासणीवरून त्याचं निदान पक्कं करता येत नाही.

जस्ताच्या बाबतीत वयाबरोबर वेळही बघावी लागते. सकाळच्या नमुन्यात ते जास्त असतं, दुपारी उतरतं. म्हणून लहान मुलांसाठी सकाळी ६५ आणि दुपारी ५७ मायक्रोग्रॅम अशा दोन वेगळ्या किमान रेषा वापरतात. अंगात ताप असेल तर जस्त रक्तातून यकृताकडे वळतं आणि कमतरता नसतानाही आकडा घसरतो. भारतात २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी १९ टक्के मुलांत जस्ताची कमतरता आढळली.

नमुना कसा घेतला, यावरही बरंच अवलंबून असतं. इवल्याशा टाचेला सुई टोचली, थेंब नीट येईना म्हणून टाच दाबली, की तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि रिपोर्टवर आकडा भलताच चढलेला दिसतो. अशा वेळी उपचारांची घाई करण्याआधी शिरेतून पुन्हा रक्त घेऊन खात्री करतात. जस्त-तांब्यासाठी नळीही वेगळी लागते, कारण साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त नमुन्यात मिसळू शकतं.

मग बाळांच्या खऱ्या मर्यादा येतात कुठून? धडधाकट बाळाला सुई टोचू द्यायला सहजासहजी कोण तयार होईल? कॅनडात टोरांटोच्या सिककिड्स रुग्णालयातल्या ‘कॅलिपर’ प्रकल्पाने हे अवघड काम हाती घेतलं. हजारो निरोगी मुलांचे नमुने जमवून वयोगटाप्रमाणे आणि गरज तिथे मुलगा-मुलगी असं वेगळं करून त्यांनी मर्यादा ठरवल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी हिमोग्लोबिनची रेषा ११ वरून १०.५ वर आणली.

रिपोर्ट हातात आल्यावर पालकांनी आधी लॅबला विचारावं, की ही मर्यादा कोणत्या वयाची आहे? आणि डॉक्टरांना बाळाचं वय महिन्यांत, नमुन्याची वेळ आणि त्या दिवशी ताप होता का, हे सांगावं.

(पुढील लेखांकात : सहा महिन्यांनंतरचं लोह)