तक्रारीचे शास्त्र

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत माणसे हातपाय का गमावतात याची कारणे शोधू गेल्यास ती त्या तालुक्यांच्या भरभराटीच्या कारणांहून फारशी वेगळी निघत नाहीत. घोड आणि भीमा या नद्यांनी व चासकमान, घोड आणि खडकवासला या धरणांच्या कालव्यांनी, जेथे एके काळी बाजरीचाही भरवसा नव्हता तेथे ऊस उभा केला. उसामागून गुऱ्हाळे आणि साखर कारखाने आले, रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती वसल्या, नगर आणि सोलापूर येथून पुण्याकडे येणारे दोन्ही हमरस्ते रात्रंदिवस वाहू लागले. आणि यांपैकी प्रत्येकाने आपला हिस्सा माणसाच्या शरीरातून वसूल केला. कडबाकुट्टीत बोटे जातात, चरकात ऊस सारताना पंजा ओढला जातो, कारखान्यातील प्रेसखाली मनगट सापडते, दौंड जंक्शनात हललेली गाडी धरण्याच्या घाईत पाय निसटतो. मधुमेहाचे काम याहून निमूट चालते : बधिर झालेल्या तळव्यात बाभळीचा काटा मोडतो, तो मोडल्याचे कळत नाही, जखम चिघळते, अंगठा काळा पडतो, आणि पुण्याच्या इस्पितळात गेलेला गृहस्थ पंधरवड्याने घरी येतो तो गुडघ्याखालचा पाय तेथेच ठेवून.

अशा माणसास पाय देण्याची विद्या शिकण्यासाठी माझी एक भाची घराबाहेर पडली. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जात पसंतीक्रमाच्या अगदी तळाशी भरलेले नाव तिच्या वाट्यास आले, आणि मुंबईस हाजी अली येथे 1955 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत चार वर्षांचा अभ्यासक्रम व त्यापुढची सहा महिन्यांची उमेदवारी संपवून ती ‘प्रोस्थेटिस्ट आणि ऑर्थोटिस्ट’ झाली. हे बिरुद आमच्या आळीत कोणाच्याही जिभेवर बसले नाही. ‘पाय बसवणारी ताई’ एवढीच तिची ओळख झाली. पुढे दौंडच्या एका लहानशा कार्यशाळेत दोन-तीन वर्षे काढल्यावर तिने पदव्युत्तर शिक्षणाचा घाट घातला, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी विचारले ते मलाही रास्त वाटले : पाय करता येतो, तो बसवता येतो, पुनर्वसन परिषदेकडे रीतसर नोंदणीही झाली आहे, मग आणखी दोन वर्षे शिकायचे ते काय? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी मी तिच्या कार्यशाळेत जाऊन बसू लागलो.

तेथील कामाचा आरंभ ‘माप देण्या’पासून होतो. शिरूरकडच्या एका खेड्यातील साठीचे गृहस्थ बाकावर बसलेले, धोतर वर सारलेले, आणि उरलेल्या पायावर, ज्यास तेथे सर्वजण स्टंप म्हणतात, ओला पातळ मोजा ताणून चढवलेला. भाची प्रथम हातात काही न घेता नुसत्या अंगठ्याने तो स्टंप चाचपते. नडगीची धार कोठवर येते, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास लहान हाडाचे टोक कोठे लागते, शिवण कोठे हुळहुळी आहे, हे सारे बोटांना कळल्यावर ती कॉपिंग पेन्सिलीने त्या ओल्या मोज्यावर खुणा करते. मग प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवून, पिळून, स्टंपभोवती गुंडाळते. ‘‘काका, गुडघा थोडा वाकवा. हं, बस्स. आता पाय सैल सोडा, मला मदत करू नका.’’ वीस-तीस अंशांत वाकलेल्या त्या गुडघ्याच्या वाटीखाली जी बळकट शिर असते तिच्या दोन्ही बाजूंस अंगठे रोवून, प्लास्टर गरम होऊन आळेपर्यंत, ती हलत नाही. साचा उतरल्यावर आत पाहावे तर मोज्यावरील जांभळ्या खुणा प्लास्टरवर जशाच्या तशा उमटलेल्या; त्या साच्यात मध्यभागी लोखंडी नळी उभी करून दाट ताकासारखे कालवलेले प्लास्टर ओतले, की दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पांढऱ्या ठोकळ्यावरही त्याच खुणा वाचता येतात.

खरी कसोटी त्यानंतर लागते. हा ठोकळा त्या पायाची तंतोतंत प्रतिकृती असतो, आणि तंतोतंत प्रतिकृतीवर बेतलेल्या सॉकेटमध्ये, म्हणजे स्टंप ज्यात बसतो त्या कवचात, माणूस उभा राहू शकत नाही. कारण शरीराचा भार सर्व जागी सारखा सोसला जात नाही. म्हणून जेथे दाब चालतो, म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालची शिर, नडगीचा आतला उतार, मागील लवणीचा मांसल भाग, तेथे कानशीने ठोकळा खरवडून सॉकेट घट्ट करावयाचे; आणि जेथे हाड कातडीस भिडलेले असते तेथे प्लास्टरचा थर चढवून जागा मोकळी सोडावयाची. हा खरवडण्याचा आणि चढवण्याचा हिशेब मिलिमीटरमध्ये चालतो. ठोकळा मनासारखा झाला की भट्टीत सुमारे 180 अंशांवर मऊ केलेला पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा त्यावर ओढून, आतील हवा शोषून घेऊन, सॉकेट तयार करतात. त्यास नळी आणि पाऊल जोडून माणसास समांतर दांड्यांमध्ये उभे करतात. आणि तो चालू लागला की त्याच्याकडे पुढून, बाजूने आणि मागून पाहत स्क्रू एखादा आटा फिरवतात. त्या गृहस्थांनी दांड्यांमध्ये दोन फेऱ्या मारल्या, आरशात पाहिले, आणि ‘‘जमलं की!’’ म्हणाले. नोंदवहीत ‘पाय दिला’ अशी नोंद झाली व तिच्यापुढे त्यांची सही आली.

माझी शंका तेथे दृढ झाली. एवढे सारे पहिल्या पदवीनेच साधत असेल तर दुसरी कशाला? भाचीने कपाटातून मागील वर्षाची नोंदवही काढली, आणि म्हणाली, ‘‘मामा, यातले किती पाय आज वापरात आहेत ते मला सांगता येत नाही. ते विचारायचं कसं, हेच शिकायला जाते आहे.’’

ती शिकण्यास गेली ओडिशात, कटक जिल्ह्यातील ओलटपूर येथे. कानपूरच्या कृत्रिम अवयव निर्मिती निगमाची पूरक शाखा म्हणून 1975 साली सुरू झालेली आणि आज स्वामी विवेकानंदांचे नाव धारण करणारी ती राष्ट्रीय संस्था भाताच्या खाचरांच्या मुलखात आहे; दौंडच्या फलाटावर कोणार्क एक्सप्रेसमध्ये बसवून दिलेली मुलगी थेट भुवनेश्वरास उतरते, ही सोय तिच्या आईस मोठा दिलासा देणारी वाटली. अभ्यासक्रमाची रूपरेषा तिने मला सुट्टीत समजावून दिली. गतिशास्त्र, प्रगत कृत्रिम अवयव, प्रगत आधारसाधने, संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, आणि अखेरीस प्रबंध. चालीच्या प्रयोगशाळेत माणसाच्या सांध्यांवर चकाकणारे लहान गोल ठिपके चिकटवतात, भोवतालचे कॅमेरे त्यांची हालचाल टिपतात, जमिनीत बसवलेल्या पट्ट्या पावलाचा भार मोजतात. आणि अनुभवी कारागिराच्या डोळ्यास जे ‘थोडे लंगडते आहे’ असे दिसे ते अंशांत आणि न्यूटनांत लिहून निघते. अमेरिकेत रॉबर्ट वॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये दाखवून दिले, की पाय जितका वर कापावा लागतो तितकी माणसाची चाल मंदावते आणि प्रत्येक मीटरमागे त्याला लागणारी शक्ती वाढते. गुडघा वाचवण्यासाठी शल्यचिकित्सकाने इतका आटापिटा का करावा, याचे उत्तर अशा मोजणीतून मिळते. गुडघा राखलेला माणूस कामावर रुजू होण्याची आशा धरतो. गुडघ्याच्या वरून पाय गेलेला पुष्कळदा घरातल्या घरात चालूनच थकतो.

तथापि उपकरणे हा या शिक्षणाचा गाभा नव्हे. तिच्या एका मार्गदर्शकांनी पहिल्याच सत्रात, ‘‘हा सॉकेट चांगला आहे,’’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास विचारले होते, की हे तुला कोणी सांगितले : तुझ्या हाताने, रुग्णाच्या भिडेने, की मापाने? कारागीर आपल्या हातावर विश्वास ठेवतो, आणि ठेवलाच पाहिजे; परंतु पदव्युत्तर विद्यार्थ्याने त्या विश्वासाची उलटतपासणी करावयाची असते. याचा दाखला इतिहासही देतो. पुण्यातील लष्करी कृत्रिम अवयव केंद्र 1944 साली महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी उभे राहिले. पाश्चात्य देशांतून आलेले त्या पुढील काळातील कृत्रिम पाऊल बुटासाठी घडवलेले होते. अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे यांचा विचार त्यात नव्हता. लोक ते पाय टाकून देत. जयपूरचे डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी त्या टाकून देण्यास अडाणीपणा न मानता त्यातूनच प्रश्न घडवला, आणि 1968 साली रबराचे, सर्व दिशांस वाकणारे, चिखलात अनवाणी चालणारे जयपूर पाऊल आकारास आले. वापरणाऱ्याची तक्रार त्यांनी पुरावा म्हणून दाखल करून घेतली होती.

सुट्टीत तिच्याबरोबर मी पाटसच्या बाजूस एका ऊसकरी शेतकऱ्याकडे गेलो. तिनेच बसवलेला पाय त्यांच्या सोप्यात खुंटीला टांगलेला होता, पुसून स्वच्छ ठेवलेला. ‘‘लग्नाला घालतो, तहसिलात घालतो,’’ ते मोकळेपणाने म्हणाले. ‘‘दारं धरायला जाताना काढून ठेवतो, ताई. राग मानू नका.’’ विजेची पाळी रात्रीची. सरीत पोटरीभर पाणी. चिखलात पाऊल रुतले की ते ओढून काढताना स्टंप सॉकेटमधून निसटतो, वरच्या काठातून पाणी आत जाऊन मोजा भिजतो, आणि भिजलेल्या मोज्याने कातडी सोलवटते. त्यापेक्षा कुबडी बरी. भाचीने राग मानला नाही, उपदेशही केला नाही. तिने विचारले, सकाळी पाय घालताना किती मोजे लागतात, दुपारी किती, तो ढिला केव्हा वाटू लागतो. त्यांनी नीट आठवून सांगितले : सकाळी एक, दुपारच्या भाकरीनंतर दोन, आणि दिवस कलता तीनही. मग तिने टेप काढली, गुडघ्याच्या शिरेपासून ठरावीक अंतरांवर खुणा केल्या, आणि स्टंपाचा घेर लिहून घेतला. परतीच्या वाटेवर तिने उलगडा केला. दिवसभर सॉकेटच्या दाबाखाली राहिलेल्या स्टंपातील द्रव बाहेर सारला जातो, त्याचा आकार घटतो. सकाळी जो पाय घट्ट बसला तोच संध्याकाळी हलू लागतो. ‘‘आपण माप घेतो सकाळी दहाला, बाकावर बसवून,’’ ती म्हणाली, ‘‘आणि पाय वापरला जातो संध्याकाळी, शेतात.’’

तिच्या प्रबंधाचा विषय त्या सोप्यात ठरला. ओलटपूरला परतल्यावर तिने आराखडा लिहिला : शेतात राबणाऱ्या माणसांच्या स्टंपाचा घेर दिवसाच्या दोन टोकांस कितीने बदलतो, आणि त्याचा पाय वापरण्याच्या तासांशी काही संबंध आहे की काय. तो आराखडा दोनदा परत आला. पहिल्यांदा मार्गदर्शकांनी लिहिले, की ‘वापर’ म्हणजे काय ते नेमके सांगा. घातलेला पाय आणि चाललेला पाय एक नव्हेत. दुसऱ्यांदा नैतिकता समितीने विचारले, की भरदिवसा शेतातून उठवून माप घेतल्यास त्या माणसाच्या रोजगाराचे काय. दोन्ही आक्षेप तिला मान्य करावे लागले, आणि दोन्हींमुळे प्रश्न अधिक काटेकोर झाला. सध्या खाचरांत काम करणाऱ्या तेथील लोकांची मापे घेणे चालू आहे. जमीन वेगळी, पीक वेगळे, पण पाय ओढून घेणारा चिखल तोच.

या विद्येची दुसरी शाखा आधारसाधनांची. तिच्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. पोलिओच्या कॅलिपरवर या शाखेने आपल्याकडे अनेक दशके काढली. 2011 च्या जानेवारीत पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला, पण जुने कॅलिपर वापरणारी माणसे अद्याप आहेत व त्यांचे खांदे आणि सांधे आता झिजू लागले आहेत. नवे काम मुख्यत्वे पक्षाघात झालेल्यांचे आणि जन्मतः पाऊल आत वळलेल्या बालकांचे. अशा बालकाचे पाऊल पोन्सेटी यांच्या पद्धतीने आठवड्या-आठवड्यास प्लास्टर बदलून सरळ होते; मात्र त्यानंतर दोन बूट दांडीने जोडलेले साधन पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, आणि पुढे चौथ्या वर्षापर्यंत झोपेच्या वेळी घालावे लागते. मूल रात्री रडते, आई साधन काढते, पाऊल पुन्हा वळते. त्या आईस निष्काळजी ठरवणे सोपे आहे. बूट टाचेवर घासतो का, एका खोलीत झोपणारे घर रडण्याने जागे होते का, हे विचारणे शास्त्रास धरून आहे.

अशा पदवीधरांस पुढे वाटा पुष्कळ आहेत : शिक्षकी पेशा, मोठी इस्पितळे, कृत्रिम अवयव बनवणाऱ्या कंपन्या, परदेश. अमेरिकेत तर या व्यवसायात पाऊल टाकण्यासच पदव्युत्तर पदवी लागते, तेव्हा तिकडची ओढ समजण्याजोगी आहे. भाची दौंडला परतेल की नाही हे मी तिला विचारलेले नाही. तो तिचा अधिकार आहे. परंतु वडीलधाऱ्यांच्या प्रश्नास मला आता उत्तर देता येते. पाय करणे ही कला पहिल्या पदवीने येते. दिलेला पाय माणसाने का काढून ठेवला, हे त्याला न लाजवता विचारणे, त्याच्या उत्तरास मापाची जोड देणे, आणि पुढच्या सॉकेटमध्ये त्याप्रमाणे फरक करणे, यासाठी दुसरी लागते. आपल्या शिबिरांच्या आणि कार्यशाळांच्या नोंदवहीत ‘पाय दिला’ हा रकाना आहे. त्याशेजारी एक वर्षानंतरची हकीकत नोंदवण्याचा दुसरा रकाना आखावयास खर्च काही नाही. तो भरणारा आणि त्यातील तक्रारींवरून पाय बदलू शकणारा एक माणूस प्रत्येक तालुक्यास असावा, एवढीच मागणी शिरूर आणि दौंडच्या लोकांनी सरकारदरबारी केली, तरी या दोन वर्षांच्या शिक्षणाचा उपयोग त्यांच्या बांधापर्यंत पोहोचेल.