सीमाभाग आणि कायदा (लेखांक 7) : पीडितेचे हक्क, तिची भाषा आणि शाळेतला धडा

बेळगाव तालुक्यातील एका गावात 11 डिसेंबर 2023 रोजी एका महिलेला घरातून ओढून काढण्यात आले, विवस्त्र करण्यात आले आणि विजेच्या खांबाला बांधून मारहाण करण्यात आली. तिचा मुलगा गावातील एका मुलीबरोबर निघून गेला होता, एवढेच निमित्त. त्या आठवड्यात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन सुरू होते. दुसऱ्याच दिवशी कर्नाटक उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. खंडपीठात न्या. कृष्ण दीक्षित होते आणि मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, जन्माने निपाणीचे.

पीडिता रुग्णालयात असताना पुढाऱ्यांची रीघ लागली, तेव्हा न्यायालयाने शनिवारी खास बैठक घेऊन भेटींवर निर्बंध घातले. सांत्वनाला येणाऱ्यांपासूनही पीडितेला संरक्षण लागते, हे इतक्या स्पष्टपणे मांडले जाणे महत्त्वाचे होते. पुढच्या सुनावणीत न्यायालयाने बघ्यांकडे मोर्चा वळवला. मदतीला धावलेल्या एकाला मार खावा लागला, बाकीचे पाहत राहिले. ब्रिटिश गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या काळात अशा गावावर सामूहिक दंड बसत असे, याची खंडपीठाने आठवण करून दिली. अशी तरतूद आजही आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 16 नुसार राज्य सरकारला सामूहिक दंड लावता येतो, पण त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच्या गुन्ह्यांना तो लागू नाही.

सीमाभागात एक गैरसमज वारंवार आढळतो. महिला आणि मुलांवरील अत्याचारांसाठी महाराष्ट्रात ‘शक्ती’ कायदा आहे आणि कर्नाटकात नाही, असे अनेकांना वाटते. शक्ती विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर 2021 मध्ये मंजूर केले खरे, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कधी अमलात आलेच नाही. महाराष्ट्रातील कागल आणि कर्नाटकातील निपाणी या दोन्ही ठिकाणी केंद्राचाच कायदा चालतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचे कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही. कागलच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या निपाणीच्या बाईवर अत्याचार झाला, तर ती निपाणीच्या ठाण्यातही फिर्याद देऊ शकते. ठाण्याने ती ‘शून्य’ क्रमांकाने नोंदवून कागलला पाठवायची. फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते.

उपचारांसाठी सरकारी रुग्णालयच गाठले पाहिजे असे नाही. बलात्कारपीडितेवर खासगी रुग्णालयानेही तात्काळ आणि मोफत उपचार केले पाहिजेत. पीडितेची ‘टू फिंगर टेस्ट’ (दोन बोटांनी केलेली योनितपासणी) करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 रोजी बजावले. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2018 च्या योजनेत बलात्कारासाठी 4 ते 7 लाख रुपये भरपाई ठरली असून अल्पवयीन पीडितेसाठी ही मर्यादा दीडपट आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो आणि आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबण्याची गरज नसते.

खरी अडचण भाषेची आहे. निपाणी, खानापूर भागातली मुलगी आपली हकिकत मराठीत सांगते आणि ठाण्यातला कागद कन्नडमध्ये तयार होतो. उलटतपासणीत त्याच कागदातला एखादा शब्द तिच्यासमोर धरला जातो. हा धोका बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याने ओळखला आहे. नोंद मुलाला न कळणाऱ्या भाषेत होत असेल, तर अनुवादक किंवा दुभाषी द्यावा, असे कलम 19 सांगते. जबाबासाठी कलम 26 मध्ये आणि न्यायालयातील साक्षीसाठी कलम 38 मध्ये तशीच सोय आहे. दुभाष्याचे शुल्क कुटुंबाने भरायचे नसते. प्रौढ स्त्रीची फिर्यादही तिला वाचून दाखवणे बंधनकारक आहे; ती समजली नाही, तर सही करण्यापूर्वी मराठीत सांगा, असा आग्रह तिने जरूर धरावा. या भागात या हक्काइतका उपयोगी आणि इतका कमी वापरला जाणारा हक्क दुसरा नसेल.

बेळगाव प्रकरणातच न्या. वराळे यांनी ‘बेटी पढाओ’च्या जोडीला आता मुलग्यांना शिकवण्याची गरज बोलून दाखवली. त्याआधी, नोव्हेंबर 2022 मध्ये, बेळगाव जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो त्या धारवाड खंडपीठाने नववीपासूनच्या विद्यार्थ्यांना पॉक्सो कायद्याची माहिती देणारे साहित्य तयार करण्यासाठी समिती नेमावी, असे शिक्षण खात्याला सांगितले होते. संमतीचे वय, प्रेमप्रकरणातून पळून जाण्याचे कायदेशीर परिणाम, चित्रफीत पसरवण्याचा गुन्हा हे सारे मुलांना खटला उभा राहिल्यावर कळते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. 2007 च्या सुमारास महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांतून मागे घेतला होता. त्या माघारीची किंमत मुलांनीच मोजली.

सीमाभागातल्या मराठी शाळांत कर्नाटकचीच पाठ्यपुस्तके मराठीतून शिकवली जातात. त्यामुळे पॉक्सोचा हा धडा बंगळूरला कन्नडमध्ये तयार झाला तरी तो मराठीत, आणि त्याच वर्षी, यायला हवा. पॉक्सो नियम 2020 मधील नियम 3 नुसार वयानुरूप शैक्षणिक साहित्य तयार करण्याची जबाबदारी सरकारवर आहे. वैयक्तिक सुरक्षेची माहिती ग्रामपंचायत, शाळा आणि बसस्थानकांवर पोहोचवावी, असेही तो नियम सांगतो. निपाणीच्या बसस्थानकावर ती कन्नडबरोबर मराठीतही लावण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.