चिंता म्हणजे प्रेम

इंडोनेशियाच्या भाषेत 'चिंता' म्हणजे प्रेम. शब्द संस्कृतातला, समुद्र ओलांडून तिकडे गेला आणि अर्थ पालटून नांदू लागला. ज्याच्यावर प्रेम, त्याचीच काळजी, हे त्या लोकांनी एका शब्दात सांगून टाकलं. माझ्यातल्या कवीला याचं फार अप्रूप वाटतं.

ही भाषा पाहुण्या शब्दांनीच भरलेली आहे. तिथे नवरा 'सुआमी' आणि बायको 'इस्त्री'. अरबीतून आलेले 'काबार' आणि 'कुर्सी' म्हणजे आपलीच खबर आणि खुर्ची. बुटाला 'सपातू' म्हणतात. तो पोर्तुगिजांचा शब्द, आपल्या सपाता त्याच घरच्या. कचेरीला 'कांतोर', हे डचांचं देणं. जकार्तातली तरुण मंडळी 'मी-तू'साठी 'गुए-लो' म्हणतात, तेही चिनी बोलीतून आलेलं.

मग आता भाषा बिघडल्याची ओरड का? २०१८च्या सुमारास दक्षिण जकार्तातल्या सुखवस्तू मुलांच्या बोलण्याची समाजमाध्यमांवर फार चर्चा झाली. इंडोनेशियन वाक्यात मध्येच 'विच इज', 'लिटरली', 'बेसिकली'. लोक तिची टिंगल करतात आणि अनुकरणही करतात.

खरं तर इंग्रजी शब्दाशी त्या भाषेचं वैर नाही. आपण 'प्रिंट काढतो', तसं ते 'प्रिंट'च्या मागे जकार्ताच्या बोलीतला उपसर्ग लावून आपलं क्रियापद करतात. पाहुणा घरच्या रीतीने वागतो. पण 'विच इज'चं काम वेगळं. त्याच्यावाचून काही अडत नाही. बोलणारा कोणत्या शाळेत शिकला, एवढं मात्र त्यातून कळतं.

इथे मला २८ ऑक्टोबर १९२८ आठवतो. त्या दिवशी आजच्या जकार्तात तरुणांनी एक देश, एक राष्ट्र आणि ऐक्याची एक भाषा अशी शपथ घेतली. सर्वांत मोठा समाज जावानीज बोलणारा. पण निवड झाली बंदरांत, बाजारांत चालणाऱ्या मलय भाषेची. सातशेहून अधिक भाषांच्या त्या देशात ती फार थोड्यांची मातृभाषा होती, म्हणूनच ती सगळ्यांची होऊ शकली.

सरकारने २००९मध्ये कायदा करून प्रसारमाध्यमांना काही अपवाद सोडून इंडोनेशियन बंधनकारक केली. नवे शब्दही घडवले गेले. 'डाउनलोड'साठी आला 'उंदुह'. जावानीजमध्ये त्याचा अर्थ झाडावरचं फळ तोडणं. तो रुळला. 'एफिशियंट'साठी 'सांकिल' आणि 'इफेक्टिव्ह'साठी 'मांकुस' मात्र कोशातच राहिले. लोकांच्या जिभेवर हुकूम चालत नाही.

एकदा कविसंमेलनानंतर एक गृहस्थ मला कौतुकाने म्हणाले, "तुमचं मराठी छान आहे हो, अगदी आमच्यासारखं!" मी हसलो, पण तो 'आमच्या' माझ्याबरोबर घरापर्यंत आला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. तरी भाषेच्या दारात कोणी उभं राहून आत कोण, बाहेर कोण हे ठरवू लागलं की काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. 'विच इज' न येणाऱ्या एखाद्या खेड्यातल्या मुलीला टीव्हीपुढे बसून तसंच वाटत असेल.

म्हणून श्रोतेहो, शब्द कुठून आला याची काळजी मी फारशी करत नाही. तो आल्यावर घरातलं कोण गप्प झालं, हे पाहतो. भाषेची चिंता करायचीच, तर ती इंडोनेशियन अर्थाने करावी.