सुट्टीतील प्रयोगशाळा : परात, माठ आणि पाणचक्की

मे महिना उजाडला की शाळांना सुट्टी लागते आणि मराठवाड्यातील उन्हामुळे मुलांचा दिवसाचा बराचसा वेळ घरातच जातो. हा वेळ कसा घालवावा, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो. विज्ञानाचे प्रयोग करावयाचे म्हणजे काचेची उपकरणे व खर्चिक साहित्य हवे, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः पाणी, माती, ऊन आणि वारा यांच्या साहाय्याने घरच्या घरी पुष्कळ काही शिकता येते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात तर या शिक्षणाला पूरक अशी स्थळे जवळच उपलब्ध आहेत.

पाणचक्कीचा धडा

मलिक अंबर याने इ. स. १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले आणि पुढे डोंगराकडील पाणी भूमिगत नहरीने शहरात आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ती व्यवस्था ओळखली जाते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची पाणचक्की याच परंपरेतील होय. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या बंद नळांतून येथे आणून उंचावरून सोडण्यात येई. त्याच्या माऱ्याने पात्यांचे चाक फिरे आणि त्यासरशी जाते फिरून दर्ग्यात येणाऱ्यांसाठी धान्य दळले जाई. कोणत्याही पंपाविना हे साधले ते केवळ उंचीतील फरकामुळे.

हे तत्त्व घरी पडताळून पाहता येते. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला एकाखाली एक अशी तीन सारखी भोके पाडावीत. बाटली पाण्याने भरून स्टुलाच्या कडेवर ठेवावी. स्टूल बाटलीहून उंच असावे. सर्वांत खालची धार सर्वांत दूर पडते, कारण तेथे पाण्याचा दाब अधिक असतो. आता तीच बाटली सपाट जमिनीवर ठेवून पाहावी. या वेळी मधली धार सर्वांत दूर जाते! खालच्या धारेचा वेग अधिक असतो हे खरे. परंतु जमीन लगेच लागत असल्याने तिला पुढे जाण्यास अवधी मिळत नाही. चित्रांतून मात्र जमिनीवरील बाटलीची खालचीच धार सर्वांत दूर गेलेली अनेकदा दाखविलेली असते. मुलाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आणि चित्रात छापलेले यांत फरक पडला, तर मुलाला गप्प न करता प्रयोग पुन्हा करावयास सांगावे. विज्ञानाचे खरे शिक्षण येथूनच सुरू होते.

पुढची पायरी म्हणजे लहानशी पाणचक्की. एका बटाट्यात सायकलच्या चाकाची तार आरपार घालून भोवती जुन्या प्लॅस्टिकच्या डब्याचे तुकडे पात्यांसारखे खोचावेत. तारेला दोरा बांधून त्याच्या टोकास काड्यापेटी लटकवावी. धार एक वीत उंचीवरून सोडली असता पेटीतील किती खडे उचलले जातात आणि दोन वितींवरून किती, हे मोजून लिहून ठेवावे.

परातीतील धरण

पैठण येथील गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली व १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. हे धरण मुख्यतः मातीचे असून त्याची लांबी सुमारे १० किलोमीटर आहे. मातीचे धरण पाणी अडविते कसे, असा प्रश्न मुलाने विचारला, तर त्याचे उत्तर दोन परातींत मिळू शकते.

पहिल्या परातीत केवळ मुरमाचा आडवा बांध घालावा. दुसरीत मधोमध काळ्या मातीचा ओला, चांगला चोपलेला गाभा घालून दोन्ही बाजूंनी मुरमाचे आवरण द्यावे. दोन्हींत एका बाजूस सारखेच पाणी ओतावे आणि दुसरी बाजू किती वेळाने ओली होते ते घड्याळात पाहावे. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असल्याने तिच्यातून पाणी सावकाश झिरपते. मग सबंध बांधच काळ्या मातीचा का नसावा? यासाठी केवळ काळ्या मातीचा तिसरा बांध घालून तो दोन दिवस उन्हात ठेवावा. त्याला तडे जातात. आतील गाभा पाणी अडवितो आणि बाहेरील मुरूम त्याला सुकण्यापासून व ढासळण्यापासून वाचवितो, हे मुलाला न सांगताच कळते. पाझर तलाव व गावतळ्यांच्या देखभालीवर उद्या ज्यांना लक्ष ठेवावयाचे आहे, त्यांना हे ज्ञान लहानपणीच झालेले बरे.

माठ आणि सावली

मातीच्या व स्टीलच्या भांड्यांत सारखे पाणी भरून सावलीत ठेवावे आणि दर तासाला तापमान नोंदवावे. त्यासाठी शाळेतील तापमापक घ्यावा. ताप पाहण्याचा येथे उपयोगी पडत नाही. माठातून झिरपलेले पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतील पाणी थंड होते. हाच प्रयोग पावसाळ्यात, दमट हवेत पुन्हा केल्यास फरक कमी आढळेल.

याच महिन्यात सूर्य या शहराच्या बरोबर माथ्यावर येतो. शहराचे अक्षांश सुमारे १९.९ अंश उत्तर असल्याने १९-२० मेच्या सुमारास, दुपारी सुमारे १२ वाजून २५ मिनिटांनी, सरळ उभ्या काठीची सावली जणू नाहीशी होते. पैठणला हा दिवस सुमारे दोन दिवस आधी, तर कन्नडला सुमारे दोन दिवस नंतर येतो. १० मेपासून दररोज काठीची सर्वांत आखूड सावली मोजणाऱ्या मुलाला हा दिवस आधीच ओळखता येईल. जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा असा दिवस येतो. पण तेव्हा आभाळ बहुधा झाकलेले असते.

घ्यावयाची काळजी

भोके पाडणे व कापाकापी मोठ्यांनीच करावी. घरातील विजेच्या प्रवाहावर प्रयोग करू नयेत. विहीर, शेततळे अथवा तलावाकाठी मुलांना एकटे पाठवू नये. सूर्याकडे थेट पाहू नये. सावली मोजण्यापुरतेच डोके झाकून उन्हात जावे. टंचाईच्या दिवसांत प्रयोगाचे पाणी परातीत साठवून पुन्हा वापरावे व शेवटी झाडाला घालावे.

शिक्षक आणि ग्रामपंचायत

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण उपक्रमाने, आणि पुण्यातून टाकाऊ वस्तूंची शास्त्रीय खेळणी सर्वदूर पोहोचविणारे श्री. अरविंद गुप्ता यांच्या कार्याने हेच दाखवून दिले आहे की, साहित्य साधे असले तरी शिक्षण साधारण राहत नाही.

शिक्षकांनी सुट्टीपूर्वी प्रत्येक विद्यार्थ्यास एक वही राखावयास सांगावी. तीत ‘काय केले, काय होईल असे वाटले, काय झाले’ अशा तीन नोंदी असाव्यात. चुकलेला अंदाज खोडू देऊ नये. ग्रामपंचायतींना वाचनालयाची किंवा सभागृहाची खोली सकाळी दोन तास मुलांसाठी उघडता येईल. एक तापमापक, एक मोजपट्टी व एक घड्याळ एवढी सामग्री तेथे पुरेशी आहे. गावच्या विहिरीतील पाण्याची पातळी आठवड्यातून एकदा, मोठ्यांच्या सोबतीने दोरीने मोजून फळ्यावर लिहिण्याचे काम मुलांकडे द्यावे. जून उजाडेपर्यंत त्या फळ्यावर जमलेले आकडे ग्रामसभेतही उपयोगी पडतील.